हिवाळ्यात मित्रमंडळींसोबत अंदमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी झाली की अंदमानबद्दल फोन आणि मेसेज सुरू होतात. बहुतेकांचे प्रश्न सारखेच असतात, म्हणून उत्तरं एकदाच सविस्तर लिहून ठेवली आहेत. ही उत्तरं मित्रमंडळींच्या गटासाठी, साधारण सहा ते दहा जणांसाठी आहेत. लहान मुलं किंवा वयस्कर आई-वडील सोबत असतील तर वेग आणखी कमी ठेवा. नावांची एक गोष्ट आधीच सांगतो. हॅवलॉकचं अधिकृत नाव आता स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजया पुरम आहे. बोलण्यात जुनी नावं चालतात, पण तिकिटांवर नवी दिसतील. खाली जुनीच वापरली आहेत.

नेमकं कधी जावं? नाताळच्या सुट्टीत की नंतर?

शक्य असेल तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चची सुरुवात. अंदमानला पाऊस दोनदा येतो. आपल्याकडचा नैर्ऋत्य मोसमी पाऊस मे महिन्यातच तिथे पोहोचतो आणि ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत रेंगाळतो. नोव्हेंबर आणि डिसेंबरचा पूर्वार्ध हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचा काळ. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवामानात हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते आणि त्यांना बाहेर काढायला नौदलाला जहाजं पाठवावी लागली. असं दरवर्षी होत नाही, पण बोटी एखाद-दोन दिवस बंद राहणं नवलाचं नाही.

नाताळ ते नववर्ष हा सगळ्यात गर्दीचा आठवडा. विमानाची तिकिटं, बोटी, खोल्या, सगळंच चढ्या भावाने. ऑफिसमुळे त्याच सुट्ट्या मिळणार असतील तर सप्टेंबरातच सगळं पक्कं करा. जानेवारी-फेब्रुवारीत समुद्र शांत असतो, पाणी नितळ असतं, आणि हवा २३ ते ३० अंशांच्या आसपास. आपल्याकडे हुडहुडी भरत असताना तिथे मात्र अंगाला पाणी गार लागत नाही. स्वेटर घरीच ठेवा.

किती दिवस हवेत आणि किती बेटं करावीत?

सात रात्री. पोर्ट ब्लेअरला एक, हॅवलॉकला तीन, नीलला दोन, पुन्हा पोर्ट ब्लेअरला एक. माझा आग्रह इतकाच की यात चौथं बेट घुसडू नका. पाच दिवसांत पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक, नील, बाराटांग आणि वर दिगलीपूर अशा सहली विकल्या जातात. दिगलीपूर रस्त्याने तीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, जायला आख्खा दिवस जातो. तिथला रॉस (पोर्ट ब्लेअरजवळचा नाही, हा दुसरा) आणि स्मिथ बेटांना जोडणारा वाळूचा दांडा खरंच देखणा आहे, पण तो पाहायचा तर वेगळे तीन दिवस काढा.

बेट बदलणं म्हणजे सामान बांधणं, जेटीवर तासभर आधी पोहोचणं, बोटीत दीड-दोन तास, उतरून पुन्हा खोली गाठणं. त्यात अर्धा दिवस सहज संपतो. हिवाळ्यात तिथला दिवस मुळातच आपल्या अपेक्षेपेक्षा लवकर आटोपतो, आणि ही गोष्ट इतकी महत्त्वाची आहे की तिला वेगळा प्रश्न दिला आहे.

सूर्य लवकर मावळतो म्हणजे किती लवकर?

डिसेंबरच्या मध्यावर मुंबईत सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाला मावळतो. पोर्ट ब्लेअरला तो साडेपाचला उगवतो आणि पाचला मावळतो. मुंबई ७३ रेखांशावर, पोर्ट ब्लेअर जवळपास ९३ वर. वीस अंशांचा फरक म्हणजे ऐंशी मिनिटं, आणि घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. जानेवारीअखेरीस सूर्यास्त सव्वापाचच्या पुढे सरकतो, एवढाच काय तो दिलासा.

याचा अर्थ असा की सुट्टी आहे म्हणून नऊला उठून, साडेदहाला नाश्ता करून निघालात, तर अर्धा दिवस संपलेला असतो. दुपारच्या जेवणानंतर डुलकी काढून 'चला, किनाऱ्यावर जाऊ' म्हणाल तेव्हा अंधारायला लागलेलं असतं. पहाटे पाचला उठा. सहाला पाण्यात. सकाळी वारा कमी, पाणी काचेसारखं, आणि किनाऱ्यावर तुमच्याशिवाय दोन-चार माणसं. दुपारी बारा ते दोन जेवण आणि आराम. तीनला परत बाहेर. रात्री नऊला झोप. पहिल्या दिवशी मित्र कुरकुरतात, तिसऱ्या दिवशी तेच इतरांना उठवायला येतात.

विमान कुठून, आणि पुढे बोटी कशा?

मुंबई-पुण्याहून बहुतेक वेळा चेन्नई, कोलकाता, बंगळुरू किंवा हैदराबादमार्गे जावं लागतं. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून जहाजंही सुटतात, पण एकेका फेरीला अडीच-तीन दिवस लागतात. वेळेचा प्रश्न नसेल त्यांनीच तो विचार करावा. उतरायचं ते वीर सावरकर विमानतळावर. शिंपल्याच्या आकाराची त्याची नवी इमारत २०२३ मध्ये सुरू झाली.

बेटांमधल्या बोटी दोन तऱ्हेच्या. सरकारी बोट स्वस्त, अडीच तासांच्या आसपास घेणारी, आणि डेकवर उभं राहता येणारी. खाजगी बोटी जलद, वातानुकूलित, बंदिस्त, आणि बऱ्याच महाग. सरकारी तिकिटांत स्थानिकांची निकड मोठी असते. दवाखाना, शाळा, बाजार, सगळं त्यांना त्याच बोटीने करायचं असतं. म्हणून गटासाठी जाताना खाजगी बोट घ्यावी आणि एखाद्या टप्प्याला जागा असेल तर सरकारी बोटीचा डेक अनुभवावा, असं माझं मत. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव तंतोतंत जुळायला हवं. गटातला एक जण सगळ्यांची तिकिटं काढतो आणि 'बंटी' म्हणून नाव टाकतो, मग जेटीवर वाद होतो.

सगळ्यात महत्त्वाचं: परतीच्या विमानाच्या आदली रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढा. सकाळी हॅवलॉकहून बोट आणि दुपारी विमान, असा बेत कागदावर बसतो. समुद्र खवळला की तो कोसळतो आणि सगळ्यांची तिकिटं एकदम बुडतात.

मला बोट लागते. काय करू?

उलटी थांबवणारी गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्या, सुटल्यावर नाही. डॉक्टरांना विचारून घ्या, कारण या गोळीने गुंगी येते. उपाशी बसू नका, हलकं खा. जागा मागच्या बाजूला, मधोमध घ्या आणि मोबाइलमध्ये डोकं घालू नका. जानेवारीनंतर हा त्रास बराच कमी होतो.

हॅवलॉकला तीन दिवस काय करायचं? एक किनारा बघून झाला की संपलं ना?

हा प्रश्न विचारणारे परत आल्यावर म्हणतात, अजून एक दिवस हवा होता.

बेट समजून घ्या. बोट लागते ती उत्तरेकडच्या जेटीवर. पूर्वेच्या बाजूला गोविंदनगर आणि विजयनगर ही गावं, तिथेच बाजार, खानावळी, डायव्हिंगची केंद्रं आणि बहुतेक कॉटेज. मित्रांसोबत असाल तर याच बाजूला राहा. पश्चिमेला राधानगर, म्हणजे सात नंबरचा किनारा, जेटीपासून बारा किलोमीटरवर. बेटावर गावांना आणि किनाऱ्यांना नंबरांनी ओळखतात, रिक्षावाल्याला 'सात नंबर' म्हटलं की पुरतं. दुचाकी भाड्याने मिळते, परवाना सोबत ठेवा, हेल्मेट घाला. रस्त्याला वळणं आहेत आणि रात्री दिवे कमी.

राधानगरला दुपारी सगळे सूर्यास्तासाठी जातात. तुम्ही एकदा सकाळीही जा. दोन किलोमीटरच्या आसपास पसरलेली पांढरी पुळण, मागे उंच झाडांचं सदाहरित जंगल थेट वाळूपर्यंत उतरलेलं. उत्तम पोहणाऱ्यांनीही जीवरक्षकांच्या झेंड्यांच्या आतच राहावं. पूर्वेचा काळापत्थर किनारा सूर्योदयासाठी. विजयनगरला भरतीच्या वेळी पोहता येतं. ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की खडपं उघडी पडतात, तेव्हा तिथे फक्त फिरावं.

एलिफंट बीचसाठी अर्धा दिवस द्या. जेटीवरून बोटीने किंवा राधानगरच्या रस्त्यावरून जंगलवाटेने जाता येतं. वाट पाऊण तासाची आहे, पाऊस झालेला असेल तर चिखल भरपूर. पायाला पकड असलेले बूट घाला. किनाऱ्यावर २००४ च्या त्सुनामीत उन्मळून पडलेली मोठी झाडं अजून दिसतात. स्नॉर्केलिंग इथेच करा, किनाऱ्याजवळच प्रवाळ आहे. दहानंतर बोटींची रीघ लागते, म्हणून पहिल्या बोटीने जा. जेट स्की आणि केळ्याच्या आकाराच्या बोटींवर पैसे घालवण्यापेक्षा ते डायव्हिंगला ठेवा, त्या गोष्टी मालवणलाही मिळतात.

पोहता येत नाही. तरी स्कूबा करता येईल का?

येईल. नवख्यांसाठी जो डाइव्ह असतो त्यात प्रशिक्षक पूर्ण वेळ तुम्हाला धरून असतो आणि जास्तीत जास्त बारा मीटरपर्यंतच नेतो. वय किमान दहा. आधी आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं ऑपरेशन, फिट्स, गर्भारपण, यातलं काहीही असेल तर लपवू नका. मित्रांसमोर कमीपणा नको म्हणून फॉर्मवर 'नाही' लिहिणारे लोक पाहिले आहेत. पाण्याखाली दाब खरा असतो, तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नाही. सर्दी झाली असेल तरी डाइव्ह पुढे ढकला.

आत काय होतं ते सांगतो, म्हणजे भीती कमी होईल. आधी कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तोंडाने श्वास घ्यायला लावतात. नाक मास्कमध्ये बंद असतं, त्यामुळे पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होतो. मग नळीतून हवा येते आहे हे शरीराला पटतं आणि श्वास आपोआप संथ होतो. खाली जाताना दर मीटरभराला नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं, म्हणजे कान मोकळे होतात. कान दुखेपर्यंत थांबायचं नाही. अंगठा वर केला तर प्रशिक्षक तुम्हाला वर घेऊन जाईल, कारण पाण्यात त्या खुणेचा अर्थ 'वर चला' असा आहे. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल करायचा. एवढं जमलं की मग समोर बघा: प्रवाळाच्या फांद्यांमधून पोपटमासे कुरतडत असतात आणि नीट कान दिला तर तो कुरतडण्याचा आवाजही ऐकू येतो.

चष्मा असेल तर नंबरचा मास्क आहे का हे आदल्या दिवशी विचारा. आणि डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही. म्हणून डाइव्ह सहलीच्या सुरुवातीला ठेवा, शेवटच्या दिवशी कधीच नाही.

नीलला लोक दोन तास देतात. दोन रात्री कशाला?

कारण नील हे पायी आणि सायकलीवर बघायचं बेट आहे. भरतपूरच्या जेटीपासून पश्चिमेला लक्ष्मणपूर, पूर्वेला सीतापूर, दोन्ही सायकलीच्या टप्प्यात. मध्ये भातशेती, भाजीचे मळे, पोफळी, केळी. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासित कुटुंबांना फाळणीनंतर या बेटांवर जमिनी दिल्या गेल्या, त्यांचीच ही शेती. पोर्ट ब्लेअरच्या बाजारातली बरीच भाजी इथून जाते. सकाळी चहाच्या टपरीवर बसलात तर बंगालीच कानावर पडेल, पण हिंदी सगळ्यांना येते. अंदमानात हिंदी ही सगळ्यांना जोडणारी भाषा आहे, त्यामुळे बोलायची अडचण कुठेच येत नाही.

नीलचा दगडी कमानीचा नैसर्गिक पूल हा फक्त ओहोटीला बघायचा असतो. दोन तासांच्या सहलीवाले बोटीच्या वेळेने येतात आणि भरती असेल तर लाटा बघून परत जातात. तुम्ही दोन रात्री राहिलात तर ओहोटीची वेळ तुमच्या हातात असते. ओहोटी रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, खोलीवर विचारलं तर लगेच सांगतात. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढणाऱ्यांनी तो हिशेब इथे लावू नये, वेळा वेगळ्या आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी सगळ्यात लांब जातं.

पुलाच्या वाटेवर खडपांत डबकी राहतात. एका डबक्याशी उकिडवं बसून दहा मिनिटं नुसतं बघा. आधी काहीच दिसत नाही. मग काळी समुद्री काकडी दिसते, मग दगडात रुतलेला मोठा शिंपला, ज्याच्या निळ्या-जांभळ्या कडा सावली पडताच आत ओढल्या जातात, मग दगडाच्याच रंगाचा खेकडा. काही वाटाडे फोटोसाठी हे जीव उचलून हातात देतात. त्यांना नम्रपणे सांगा, नको, पाण्यातच दाखवा. चार पर्यटकांनी असं सांगितलं की ते उचलणं थांबवतात, हा अनुभव आहे. आणि चालताना प्रवाळावर पाय देऊ नका, ते जिवंत असतं.

सेल्युलर जेलला किती वेळ ठेवावा?

अर्धा दिवस. संध्याकाळचा प्रकाश-ध्वनी कार्यक्रम वेगळा. सहलीचं वेळापत्रक बनवताना मंडळी 'जेल, एक तास' असं लिहितात, ते खोडा.

मराठी माणूस इथे येतो तो सावरकरांची कोठडी बघायला. ४ जुलै १९११ ला त्यांना इथे आणलं गेलं. थोरले बंधू बाबाराव आधीपासून इथेच होते, आणि १९२१ साली दोघांनाही भारतात परत नेण्यात आलं. ती कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. तिथे रांग लागते, फोटो निघतात, लोक निघून जातात. माझी विनंती अशी की बाकीची इमारतही तितक्याच सावकाश बघा.

१८९६ ते १९०६ या काळात हा तुरुंग बांधला. मधल्या मनोऱ्यापासून सात इमारती फुटलेल्या होत्या, आता त्यातल्या तीनच उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसूच नये. कोठडीच्या दाराची कडी नीट बघा. ती दाराच्या बाजूला भिंतीत बराच लांब केलेल्या कोनाड्यात जाते. गजांतून हात कितीही बाहेर काढला तरी कुलपापर्यंत पोहोचत नाही. आत उभे राहा, हात काढून बघा. मागच्या भिंतीतला झरोका डोक्याच्या खूप वर आहे, त्यातून समुद्र दिसत नाही, फक्त ऐकू येतो. खाली तेलाच्या घाण्याची जागा आहे. दिवसाला तीस पौंड तेल काढायची सक्ती होती, आणि घाण्याला बैलाच्या जागी माणूस.

भिंतीवरच्या संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरलेली आहेत. बंगालची आणि पंजाबची यादी फार लांब आहे. तीही वाचा. आत मोठ्याने हसणं-बोलणं टाळा आणि गजांमागे उभं राहून गमतीचे फोटो काढू नका. गटातल्या कुणीतरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. सुटीचा वार आणि वेळ जायच्या आधी तपासून घ्या.

पोर्ट ब्लेअरहून एका दिवसात आणखी काय होतं?

रॉस बेट बोटीने पंधरा मिनिटांत. १८५८ पासून ब्रिटिशांचं इथलं ठाणं. चर्च, बेकरी, कमिशनरचा बंगला, सगळ्याचे आता अवशेष, आणि भिंतींना वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी घट्ट आवळलेलं. १९४१ च्या भूकंपानंतर बेट रिकामं होऊ लागलं आणि १९४२ मध्ये जपानी आले. हरणं आणि मोर मोकळे फिरतात, त्यांना बिस्किटं देऊ नका.

समुद्री राष्ट्रीय उद्यानातलं जॉली बॉय बेट मला सगळ्यात आवडतं. वांडूरच्या जेटीवरून जावं लागतं, परवाना लागतो, प्लास्टिकवर कडक तपासणी असते. तिथे खायला काही मिळत नाही, स्टीलच्या डब्यात जेवण न्या आणि कचरा परत आणा. वांडूरच्या वाटेवर सिप्पीघाटला गाडी थांबवा. २००४ च्या भूकंपात इथली जमीन खचली आणि शेतांत समुद्राचं पाणी शिरलं ते कायमचं. शेताच्या जागी उभं पाणी अजून दिसतं.

सूर्यास्तासाठी चिडिया टापू, शहरापासून पंचवीस किलोमीटर. तीनच्या आत निघा.

बाराटांगला जावं का? चुनखडीच्या गुहा चांगल्या आहेत म्हणे.

गुहा चांगल्या आहेत, कांदळवनातून होडीने जायची वाटही सुंदर आहे. तरी आम्ही जात नाही, आणि कारण सांगतो.

बाराटांगचा रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावरून ठरलेल्या वेळांना गाड्यांचे ताफे सोडतात, पहिला ताफा सकाळी सहाचा, म्हणून पोर्ट ब्लेअरहून तीन-साडेतीनलाच निघावं लागतं. जारवांची संख्या काही शेच आहे. १९९८ पर्यंत ते बाहेरच्यांपासून दूर राहिले. त्यानंतर संपर्क वाढला आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली, २००६ मध्ये पुन्हा. राखीव जंगलातला हा रस्ता बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये दिला होता. रस्ता चालूच राहिला. अनेक गाड्यांतले लोक गुहांसाठी नाही, तर 'ते दिसतील' म्हणून जातात, हे त्या ताफ्यात बसल्यावर कळतं.

तुमच्या गटाला जायचंच असेल तर नियम पाळा: काच बंद, गाडी थांबवायची नाही, काही द्यायचं नाही, फोटो नाही. फोटो काढणं हा तुरुंगवासाचा गुन्हा आहे. चालक 'मी दाखवतो' म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा. कांदळवनच बघायचं असेल तर हॅवलॉकला कयाक घेऊन सकाळी खाडीत जा.

रात्री चमकणारं पाणी दिसतं का?

दिसतं, पण चंद्र नसेल तरच. पाण्यातले सूक्ष्म एकपेशीय जीव हलवल्यावर निळसर उजेड देतात. हॅवलॉकला रात्री कयाकने घेऊन जातात. तारखा ठरवताना पंचांग उघडा आणि अमावास्येच्या अलीकडची-पलीकडची रात्र हॅवलॉकला येईल असं बघा. वल्हं पाण्यात घातलं की त्याच्याभोवती ठिणग्या फिरतात. मोबाइलमध्ये ते येत नाही, कॅमेरा खाली ठेवा.

मगरी आहेत, हे खरं का?

खरं. खाऱ्या पाण्यातल्या मगरी कांदळवनांत आणि खाड्यांच्या मुखाशी असतात. २०१० मध्ये राधानगरजवळच्या एका कोपऱ्यात पर्यटक महिलेचा मृत्यू झाला होता. म्हणून पाट्या वाचा, खाडी समुद्राला मिळते तिथे पोहू नका, अंधारात पाण्यात जाऊ नका. दारू मिळते, पण पिऊन पाण्यात उतरू नका, एकमेकांवर लक्ष ठेवा.

खाण्याचं काय? गटात दोघं शाकाहारी आहेत.

शाकाहारी जेवण सगळीकडे मिळतं. दक्षिणी नाश्ता, बंगाली घरगुती थाळी, उत्तर भारतीय भाज्या. गटातले मासे खाणारे मात्र सुखावतील: सुरमई, तांबोशी, खेकडे, आणि नीलच्या छोट्या खानावळीत मोहरीच्या रश्शातला मासा. अशा खानावळीत सकाळी जाऊन सांगून या, दुपारी ताजं करून ठेवतात. शेवंड वजनावर विकतात, आधी भाव विचारा. बाकी किराणा जहाजाने येतो, त्यामुळे किंमत जास्त असते, त्यावर घासाघीस करू नये.

परवानगी, नेटवर्क, पैसे?

जॉली बॉयचा परवाना सोडला तर भारतीयांना वरच्या बेटांवर वेगळी परवानगी लागत नाही. गटात परदेशी पासपोर्टवाला मित्र असेल तर त्याने आधी नियम बघावेत, उतरल्यावर नोंदणी करावी लागते. निकोबार आणि आदिवासींची राखीव बेटं पर्यटकांसाठी नाहीत. २०२० मध्ये समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट बरंच सुधारलं, तरी कॉटेजमध्ये दांडी मारतं. हॅवलॉक-नीलला जाताना रोख रक्कम जवळ असू द्या.

आठ मित्र, आठ आवडी. भांडणं कशी टाळायची?

सकाळ सगळ्यांची, दुपार ज्याची त्याची. पहाटेचा कार्यक्रम एकत्र करा, मग ज्याला डाइव्ह करायचा त्याने करावा, ज्याला झोपाळ्यात पुस्तक वाचायचं त्याने वाचावं. सूर्यास्ताला पुन्हा भेटा. आठही जणांना दिवसभर एकत्र ठेवायचं ठरवलं की सगळ्यात हळू आवरणाऱ्याच्या वेळेने आख्खा गट चालतो.

पैशांसाठी एकच खजिनदार आणि पहिल्याच दिवशी सारखी वर्गणी. बोटी, खोल्या, एकत्र जेवण त्यातून. डाइव्ह आणि दारू ज्याची त्याने. ज्याला पोहता येत नाही त्याची टर उडवू नका, तो पाण्यात उतरेल तो मित्र शांतपणे सोबत राहिला तरच.

बॅगेत काय विसरू नये?

टोपी, पूर्ण बाह्यांचा पोहायचा टी-शर्ट, कोरडी पिशवी, पाण्यात चालतील असे सँडल, टॉर्च, नेहमीची औषधं. किनाऱ्यावर संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्याची खाज आठवडाभर जात नाही. खोबरेल तेल लावलं की फरक पडतो. खाजवू मात्र नका.

आठवण म्हणून शिंपले आणले तर चालतात का?

किनाऱ्यावरून उचलून आणू नका. प्रवाळ तर मेलेलं असलं तरी नाही, वन्यजीव संरक्षण कायद्याने ते संरक्षित आहे. विमानतळावर बॅग तपासतात आणि शंख, शिंपले, प्रवाळाचे तुकडे काढून घेतात, दंड वेगळा. दुकानातून शिंपल्याची वस्तू घेतली तर पक्कं बिल मागा आणि ते बॅगेत नको, हातात ठेवा. त्यापेक्षा पोर्ट ब्लेअरच्या बाजारातून नारळाच्या करवंटीच्या वस्तू किंवा अंदमानी मसाले घ्या. मसाले घेतलेत तर पिशवी घट्ट बांधा, लवंगेचा वास सगळ्या कपड्यांना लागतो.